माळाला ओसाड म्हणण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या दैनिकाच्या जिल्हा पानावर आमच्या गावाशेजारच्या माळाचा फोटो छापून आला. वर मोठ्या अक्षरांत होतं, ‘ओसाड माळ नेसणार हिरवा शालू’, म्हणजे माळावर झाडं लावणार. फोटोत कुदळ धरलेले हात, हातांमागं जेसीबी आणि जेसीबीमागं भुरा पट्टा. तो भुरा पट्टा म्हणजे आमचा माळ. बातमीदारावर माझा राग नाही. ते दुपारी एक वाजता आले होते, आणि वैशाखात दुपारी एक वाजता आमच्या माळावर जे दिसतं तेच त्यांनी लिहिलं. मला खटकला तो एकच शब्द, ‘ओसाड’. त्या एका शब्दासाठी एवढं मोठं पत्र लिहितोय, जागा असेल तेवढं छापा.

मी एसटीत चालक होतो. १९८४ला लागलो, २०१५ला निवृत्त झालो. त्यातली निम्मी वर्षं तरी मुक्कामी गाडीवर गेली. शहरातल्या वाचकांना मुक्कामी गाडी सांगावी लागेल. रात्रीच्या शेवटच्या फेरीला गावात जायचं, मारुतीच्या पारापुढं गाडी लावायची, तिथंच कुठंतरी अंग टाकायचं आणि पहाटे तीच गाडी तालुक्याला परत आणायची. कळंब, येडशी, वाशी, भूम, बार्शी हे बालाघाटाच्या चढउतारांचे रस्ते. रात्री नऊ ते अकरा मी घरापेक्षा या रस्त्यांवरच जास्त असायचो. त्या काळी त्या वेळेला समोरून दुसरं वाहन यायचं ते क्वचित. रस्त्यावर असायचे ते रातवे.

हेडलाइटच्या उजेडात लांबवर डांबरावर एक लाल ठिणगी दिसायची. कुणी विडीचं थोटूक टाकून गेलंय असं वाटावं. जवळ जावं तर ठिणगीमागं एक दगड, आणि गाडी अगदी अंगावर आली की तो दगड उडायचा. पंखांचा एवढासाही आवाज नाही. ‘दगड उडाला!’ असं आमचे कंडक्टर ओरडायचे आणि पुढच्या बाकावरची माणसं हसायची. दिवसभर तापलेलं डांबर रात्री उशिरापर्यंत ऊब धरून असतं, वर आभाळ मोकळं असतं, उडते पतंग आणि भुंगे आभाळावर उठून दिसतात, म्हणून हा पक्षी रस्त्यावर येऊन बसतो. हे मला फार उशिरा कळलं. तोवर माझ्या चाकाखाली किती गेले, मोजलेलं नाही.

एक मात्र लक्षात आहे. वाशीकडच्या एका गावात मुक्काम होता. रात्री काचेखाली कुठंतरी ‘टप्’ झालं होतं, मी थांबलो नव्हतो. पहाटे गाडीत पाणी घालायला पुढं गेलो तर रेडिएटरच्या जाळीला एक चिकटलेला. हातावर घेतला. लांबून कबुतराएवढा वाटणारा तो पक्षी, वजनाला पाच रुपयांच्या बिस्किटपुड्याएवढाही नव्हता. चोच इवलीशी, पण बोटानं उघडली तर तोंड थेट डोळ्याखालपर्यंत फाकलं. कडेनं राठ केसांच्या मिशा. उडता उडता किडे त्या जबड्यात घ्यायचे, चोचीत धरायचे नाहीत. पाय तर असून नसल्यासारखे, आणि मधल्या बोटाच्या नखाला बारीक दाते, उवांच्या फणीला असतात तसे. पाठीवर वाळलेला पाचोळा, राख आणि मुरूम एकत्र कालवून लिंपल्यासारखा रंग. शाळेचे गुरुजी पारावर तोंड धूत होते. त्यांनी बघितलं आणि म्हणाले, हा रातवा. त्या दिवसापासून ठिणगी दिसली की मी गिअर उतरवायचो. पाच-सात मिनिटांचा उशीर व्हायचा. कंडक्टर चिडवायचे, ‘साहेब पक्ष्यांचीपण तिकिटं फाडायला लावणार.’

आता परवाच्या संध्याकाळचं सांगतो.

नात पुण्याहून सुट्टीला आलीय. आता नववीत जाईल. आपली बातमी तिनंच मला वाचून दाखवली आणि विचारलं, ‘आजोबा, ओसाड म्हणजे तिथं काहीच नसतं का?’ म्हटलं, बाई, चल, दाखवतो. तिच्या आईनं फोनवरूनच विरोध केला, आणि तो अगदीच बिनबुडाचा नव्हता. डिसेंबर २०२४ मध्ये यवतमाळच्या टिपेश्वरचा एक वाघ शेकडो किलोमीटर चालत येडशीच्या रामलिंग अभयारण्यात आला, कॅमेऱ्यात दिसला आणि पुढं आमच्या जिल्ह्यात आणि शेजारच्या बार्शी तालुक्यात फिरत राहिला. अभयारण्य ते केवढं, जेमतेम २२ चौरस किलोमीटर. रामलिंगाच्या दरीत जटायूनं रावणाला अडवलं होतं अशी आमच्याकडची कथा आहे, जटायूची समाधीही दाखवतात. पण त्या वाघाला अडवायला कुणी जटायू आला नाही. तेव्हापासून आमच्याकडं दिवस मावळला की माळावर कुणी जात नाही. शेवटी गावातल्या मेंढपाळ आबांना बरोबर घ्यायचं या अटीवर परवानगी मिळाली. आबांचं वय माझ्याहून चार वर्षांनी जास्त, हातात काठी, पायात टायरच्या चपला. कुत्र्याला घरी बांधून या एवढं मी त्यांना सांगितलं. ते त्यांना पटलं नाही, पण आले.

तिथी शुद्ध द्वादशीची धरली होती, कारण चांदणं हवं होतं. रातवा डोळ्यांनी बघून शिकार करतो. त्याला वटवाघळासारखं आवाजावर चालता येत नाही, म्हणून उजेडाच्या रात्री तो जास्त वेळ फिरतो आणि बोलतोही जास्त. बॅटरीला मी लाल जिलेटीनचा कागद रबरानं बांधला होता. पांढरा झोत डोळ्यांवर मारला की पक्ष्याला बराच वेळ काही दिसत नाही. हे मला पुस्तकानं शिकवलेलं नाही. अप्पर मारत समोरून येणाऱ्या ट्रकवाल्यांनी शिकवलंय.

आमच्या माळाची ठेवण अशी. वरच्या अंगाला सालई-धावड्याचं विरळ रान, खालच्या अंगाला ओढा आणि ओढ्याकाठी जुने लिंब. मधला सगळा मुरमाड उतार. त्यावर कुसळी, पवन्या, मारवेल हे गवत, मधून मधून तरवड, हेंकळ, बोरी, एखादी बाभळ. सहा-सात वर्षांपूर्वी माळाच्या पश्चिमेच्या निम्म्या भागात समतल चर खोदले आणि उंदीरमारी लावली. सरकारी कागदावर तिला गिरिपुष्प म्हणतात. परदेशी झाड, तिकडं अमेरिकेतलं. शेळ्या-मेंढ्या तोंड लावत नाहीत, कुंपण लागत नाही, लावली की जगते, आणि जगलेल्या रोपांची टक्केवारी कागदावर चांगली दिसते. शेताच्या बांधावर ती चांगली. पाला कुजवला की जमिनीला नत्र मिळतं, मीही माझ्या बांधावर लावलीय. पण अख्ख्या माळावर तीच?

आम्ही आधी त्याच भागातून गेलो, वाट तिकडूनच आहे. सूर्य मावळून दहा मिनिटं झाली असतील. झाडं एकसारख्या उंचीची, ओळीत, शाळेच्या परेडसारखी उभी. खाली गवत नाही, नुसता पाला आणि काटक्या. नातीनं मोबाइलमध्ये आवाज ओळखणारं ॲप लावलं होतं. आम्ही वीस मिनिटं उभे राहिलो. ॲपमध्ये एक बुलबुल आला, लांबून गावातला मोर आला. बाकी डास. वर कॅनोपी—माफ करा, हा शब्द नातीचा—वर पाल्याचं छत झालंय, त्यामुळं चांदणं जमिनीपर्यंत येत नव्हतं. आबा एवढंच म्हणाले, ‘हितं माझी मेंढरंबी थांबत न्हाईत, पाखरं कशाला थांबतील?’

या झाडाला उंदीरमारी म्हणतात कारण त्याच्या बिया आणि साल उंदरांना मारायला वापरतात. आपण उंदीर मारायला झाड लावतो, आणि जे घुबड फुकटात उंदीर मारतं त्याच्या ढोलीचं झाड तोडतो. हे वाक्य मी घरी बोललो तर बायको म्हणाली, पत्रात घाला. घातलं.

ओढ्याकडं उतरलो आणि सगळं बदललं. तिथं एक जुना लिंब आहे, वीज पडून अर्धा गेलेला, उरलेल्या अर्ध्यात ढोली. ढोलीच्या तोंडाशी एक गोल डोकं आलं, आमच्याकडं बघून खाली-वर, खाली-वर झालं, पुन्हा आत गेलं. मग बाहेर आलं ते पूर्णच. पिंगळा, म्हणजे छोटं घुबड. मागोमाग दुसरा. दोघांनी मिळून तो चिर्र-चिर्र-चिवाक गोंधळ सुरू केला की नात दचकून माझ्या मागं लपली. मग एक जण भुरकन उडून मोकळ्या माळावरच्या दगडावर जाऊन बसला, इकडं-तिकडं बघून जमिनीवर उतरला, दोन-चार उड्या मारत पळाला आणि काहीतरी उचललं. उंदीरमारीच्या परेडकडं त्यानं ढुंकूनही बघितलं नाही. राहायला जुनं झाड आणि जेवायला उघडी जमीन, एवढंच त्याला पाहिजे. दोन्ही हाकेच्या अंतरावर पाहिजेत.

लहानपणी आमच्या गावात पहाटे अंधारात पिंगळा जोशी यायचा. खांद्यावर झोळी, एका हातात कंदील, दुसऱ्या हातात कुडमुडं. पिंगळ्याची भाषा मला कळते म्हणायचा आणि घरोघरी होरा सांगायचा. आई सुपातून जोंधळे घालायची. माझ्याबद्दल तो म्हणाला होता की पोरगं चाकावर पोट भरेल. आई सायकलचं दुकान समजली. आता तो जोशीही येत नाही. नातीला हे सांगितलं तर तिनं विचारलं, ‘म्हणजे ॲपच की!’ यावर मला काही बोलता आलं नाही.

आबांनी तिला दुसरी गोष्ट सांगितली. घुबडाला दगड मारू नये. मारला तर ते तो दगड उचलून नदीवर नेतं आणि पाण्यात घासत बसतं. दगड झिजत जाईल तसा मारणारा झिजत जातो. ही गोष्ट मीही ऐकत मोठा झालो. अंधश्रद्धा म्हणा, पण तिच्या भीतीनं आमच्या पिढीच्या पोरांनी घुबडांना दगड मारले नाहीत. १९७२चा वन्यजीव कायदा गावात कुणाला ठाऊक नव्हता, दगडाची गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती.

मग आम्ही पूर्वेच्या उघड्या भागात, गाडीवाटेच्या कडेला एका खडकावर जाऊन बसलो आणि बसूनच राहिलो. असल्या कामात मुख्य गोष्ट बसण्याची. नातीला ते जड गेलं. टिटव्या बोलून गप्प झाल्या. पावशा रानात कुठंतरी चढ्या आवाजात ‘पेरते व्हा’ ओरडत होता, अजून महिनाभर पेरायला काही नाही हे त्याला कोण सांगणार. लांब डोंगरावर पवनचक्क्यांचे लाल दिवे लुकलुकत होते. दहा-पंधरा वर्षांपूर्वी तिकडं नुसता काळोख असायचा. वरच्या सपाटीवरून करवानक पक्षी कर्कश शिट्टी घालत होते, एक सुरू झाला की दुसरा, मग तिसरा.

वेळ जावा म्हणून नातीनं मला रानपिंगळ्याची गोष्ट सांगितली. हे छोटं घुबड १८८४ नंतर कुणाला सापडलंच नव्हतं, संपलं असंच सगळे धरून चालले होते, आणि ११३ वर्षांनी, नोव्हेंबर १९९७ मध्ये, आपल्याच खानदेशात शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याला ते पुन्हा दिसलं. तेही भर दिवसा, कारण हे घुबड दिवसाही फिरतं. ‘मग आपल्या माळावरपण असेल?’ म्हटलं, नाही बाई, ते सातपुड्याकडचं. ती हिरमुसली. पण मला त्या गोष्टीतलं वेगळंच टोचलं. शंभर वर्षं जे ‘नाही’ होतं ते तिथंच बसलेलं होतं.

आणि मग सुरू झालं.

रातव्याचा आवाज लिहून दाखवता येत नाही, तरी प्रयत्न करतो. रिकाम्या एसटीत सुटं नाणं हातातून पडतं. पत्र्यावर आधी सावकाश आपटतं, टक्… टक्… टक्, मग उसळी लहान होत जाते, टक्-टक्-टक्, आणि शेवटी जागच्या जागी थरथरत ट्र्र्र होऊन गप्प. तसंच. चुक्, चुक्, चुक्-चुक्-चुकर्रर्र. ३१ वर्षं ते नाणं ऐकलंय, त्यामुळं मला दुसरी उपमा सुचत नाही. एक डावीकडून बोलला, मग समोरून दुसऱ्यानं उत्तर दिलं, आणि थोड्या वेळात आम्ही चार वेगवेगळ्या दिशा मोजल्या. निम्म्या माळावर चार. दुसऱ्या निम्म्यावर शून्य.

नातीला तो आवाज मोबाइलवरून उलट वाजवायचा होता, म्हणजे पक्षी जवळ येतो. येतो हे खरं. आपल्या हद्दीत दुसरा शिरला असं समजून हातातलं काम टाकून येतो. म्हणून मी नको म्हटलं. ती थोडी फुगली. पाच मिनिटांत एक आपणहूनच आला, गाडीवाटेवर आमच्यापासून पंधरा पावलांवर बसला. लाल कागदाआडचा झोत जरासा वाकडा टाकला आणि तिला ठिणगी दिसली. ती काही बोलली नाही, नुसतं माझं मनगट धरलं. तो तिथून उभा वर उडाला, हवेत गिरकी घेतली, पुन्हा त्याच जागी. असं सात-आठ वेळा. उडताना पंखांवरचे पांढरे ठिपके चांदण्यातही कळत होते.

परत निघालो तेव्हा नऊ वाजून गेले होते. पुढं आबा. एका जागी ते एकदम थांबले आणि काठी आडवी धरली. ‘इत्तं थांबा. खाली बगा.’ मला काही दिसेना. मग त्यांच्या पायापासून हातभर अंतरावर मुरूम हलला. रातव्याची मादी होती. पंख पसरून, एका कुशीवर लोळत, जखमी झाल्यासारखी फडफडत वाटेच्या कडेनं सरकत गेली. मला धरा, मला धरा, असं म्हणत आपल्याला लांब न्यायचं, हा तिचा डाव. टिटवीपण करते. आम्ही तिच्यामागं गेलो नाही, ती जिथून उठली तिथं बघितलं. घरटं नव्हतंच. काडी नाही, खळगा नाही. उघड्या मुरमावर दोन अंडी, गावरान बोरापेक्षा थोडी मोठी, साईच्या रंगाची पण गुलाबीकडं झुकणारी, वर चहाचे शिंतोडे उडाल्यासारखे डाग. एका अंड्याला तरवडाचं वाळलेलं पान चिकटलं होतं.

आणि अंड्यांपासून वीतभर अंतरावरून, सरळसोट, पांढरी फक्कीची रेघ गेली होती.

रेघेवर ठरावीक अंतरानं फुल्या. प्रत्येक फुलीच्या जागी खड्डा होणार. आम्ही झोत विझवला आणि चांदण्यात मागं-पुढं बघितलं तर रेघाच रेघा, उताराच्या टोकापासून वरच्या सालईपर्यंत. पूर्वेचा निम्मा माळ वहीसारखा आखून ठेवलाय. दिवसा त्या तुमच्या फोटोतही असतील, बारकाईनं बघा.

तिथं जास्त थांबलो नाही. अंड्यांवरून मादी उठलेली असताना थांबायचं नसतं. लांब जाऊन वळून बघितलं तर ती परत येऊन बसली होती. म्हणजे बसली असावी, कारण जिथं अंडी होती तिथं पुन्हा नुसता मुरूम दिसत होता.

आता कुणी म्हणेल, हा माणूस झाडांच्या विरोधात आहे. नाही हो. १ जुलै २०१६ला राज्यात एका दिवसात २ कोटी रोपं लावायचं ठरलं, पुढच्या वर्षी ४ कोटी, मग १३, आणि २०१९ला ३३ कोटी. त्यातल्या ४ कोटींच्या वर्षी माझ्या हातची अकरा होती. सगळी लिंबाची, शाळेच्या कुंपणाकडेला. तीन जगली. त्या तिघांना मी अजून उन्हाळ्यात पाणी घालतो. आमचा मराठवाडा म्हणजे राज्यात सगळ्यांत कमी जंगलाचा मुलूख, झाड नको म्हणणारा इथं वेडाच म्हणावा लागेल. पण झाड कुठं, हे विचारायला हरकत नाही ना? मी ज्या रस्त्यांवर गाडी चालवली तिथं दोन्ही बाजूंना वड, चिंच, लिंब होते, कमान धरलेले. येडशीच्या घाटाआधीच्या एका वडाच्या ढोलीत गव्हाणी घुबडाची जोडी होती. पहाटेच्या फेरीला त्यांचं पांढरं तोंड मला दिसायचं, माणसासारखं. रस्ता चौपदरी झाला, झाडं गेली. मधल्या दुभाजकात आता कण्हेर आहे. कण्हेरीला ढोली कधी पडायची? ज्वारीच्या राशीभोवती उंदीर वाढले म्हणून गावात औषधाच्या गोळ्या आणतात, मेलेले उंदीर कुत्री खातात, मग कुत्री मरतात. हा हिशेब कुठल्या खात्यावर मांडायचा?

माझं म्हणणं फार मोठं नाही. ज्यांच्याकडं हे काम आहे त्यांचं नाव मी घेत नाही, माणसं कष्टाळू आहेत, वरून आलेला आकडा त्यांना पुरा करायचाय. त्यांनी पूर्वेचा निम्मा माळ आहे तसा सोडावा. चर नको, खड्डे नको, रोपं नको. तिथं गवत आहे, आबांची आणि आणखी सात घरांची मेंढरं त्यावर जगतात. त्या रोपांना जागा हवीच असेल तर ओढ्याचा काठ दोन्ही बाजूंनी अर्धा किलोमीटर उघडा पडलाय, गावाचा रस्ता उघडा पडलाय, तिथं वड, पिंपळ, लिंब, करंज लावा. खड्डे मारायला मी येतो, वयाच्या मानानं कुदळ बरी चालते अजून. विजेनं अर्धा जळालेला तो लिंब ‘धोकादायक’ म्हणून यादीत गेलाय असं ऐकलं. तो वाटेपासून चाळीस पावलं आत आहे, पडला तर ओढ्यात पडेल. त्याला राहू द्या. आणि माळाच्या टोकाला देवळापुढं हायमास्टचा दिवा मंजूर झालाय, त्याचं तोंड तरी खाली देवळाकडं करा. आमच्या स्टँडवरच्या हायमास्टखाली रोज सकाळी पतंग आणि भुंगे झाडून टोपलीत भरावे लागतात. तो रातव्यांचा शिधा आहे.

आपल्या बातमीदारांनाही विनंती की एकदा रात्री यावं. चहा माझ्याकडं, काठी आबांची. शालूच नेसवायचा म्हटलं तरी माळ काही उघडा नव्हता.

एक गोष्ट राहिली, ती कबूल करून टाकतो. दुसऱ्या दिवशी दुपारी मी एकटाच पुन्हा माळावर गेलो. अंड्यांजवळ गेलो नाही, लांबून अंदाज घेतला. दोन-अडीच आठवड्यांत पिल्लं बाहेर येतात, आणि खड्ड्यांचं काम येत्या सोमवारी सुरू होणार असं ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहिलंय. तेव्हा त्या जागेच्या दोन्ही बाजूंची मिळून वीसेक पावलं रेघ मी चपलेनं घासून पुसली. चार फुल्या गेल्या. ज्यांनी आखली त्यांना सोमवारी वाटेल, पोरांनी खोड्या केल्या किंवा मेंढरांनी तुडवलं. पोरांवर आणि आबांच्या मेंढरांवर आळ येऊ नये म्हणून हे लिहितोय. रेघ मी पुसली.

आपला,
एक निवृत्त एसटी चालक
ता. कळंब, जि. धाराशिव